वाकळीच्या पोटातलं लाल

नातवंडं मे महिन्यात कामणला आली की आमचं पहिलं काम असतं उसवायचं. शिवायचं नंतर. यंदा पेटीतून काढली ती माझ्या लग्नातली वाकळ, लग्न १९७८ सालचं. तिच्यावर मी आजवर दोनदा नवं कापड चढवलंय, तरी आता वरचं लुगडं इतकं विरलं होतं की बोट लागलं तरी फाटत होतं. ओसरीवर ती उलटी अंथरली. थोरल्या नातवाच्या हाती ब्लेड, नातीला बोथट कात्री, आणि धाकट्याला सुटलेले दोरे ओढून काढायचं काम दिलं. तो दोरे ओढत होता आणि आपल्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळत होता.

जुनी वाकळ उसवताना तिच्यातून धुरळा निघतो, आणि एक वासही येतो, पेटीतल्या डांबरगोळ्यांचा, धुराचा, आणखीही कशाचा तरी. पहिला थर निघाला तो माझ्या हिरव्या सुती साडीचा, लालबागच्या खोलीत नेसायची ती. तिच्याखाली ह्यांच्या दोन सदऱ्यांच्या पाठी, उभ्या जोडलेल्या. त्याखाली माझ्या आईचं लुगडं, मुळात निळं, आता राखेसारखं. आणि ते बाजूला केल्यावर नात ओरडली, "आजी, आत लाल आहे!"

मला ठाऊक होतं. वाकळीचं सगळं पोट जिला माहीत आहे अशी मी एकटीच उरलेय.

मी दहा वर्षांची असेन. आमचं गाव साताऱ्याकडचं. शेजारच्या वाड्यात एक म्हाताऱ्या आजी होत्या, डोक्यावरून लाल आलवण घेतलेल्या. लहानपणीच विधवा झालेल्या. त्या गेल्यावर घरच्यांनी त्यांची दोन आलवणं आईला दिली, पुसायला-बिसायला होतील म्हणून. आमच्याकडे तेव्हा बायका वाकळ शिवायला एकमेकींच्या घरी जमायच्या. त्यातल्या एकीनं ते लाल पाहिलं आणि सुई खाली ठेवली. आलवण वाकळीत घालायचं नाही, सवाष्णीच्या अंगाखाली तर नाहीच नाही. आई काही बोलली नाही. बायका गेल्यावर तिनं मला कोपरा धरायला लावला आणि ते आलवण दोन लुगड्यांच्या मधे सारखं अंथरलं. म्हणाली, "सूत बघ किती मऊ आहे. एवढी वर्षं नेसलंय त्या बाईनं." बस, एवढंच. दहा वर्षांनी तीच वाकळ माझ्या लग्नात माझ्या ट्रंकेत आली.

हे मी मुलांना सांगितलं. आलवण म्हणजे काय, विधवा बायकांचे केस का काढायचे, रंगीत का नेसू द्यायचे नाहीत, सगळं. नात गप्प झाली. थोरल्यानं विचारलं, "पण मग लाल का? लाल तर लग्नाचा रंग ना?" मला उत्तर आलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की आल नावाचं झाड असतं, बारतोंडी म्हणतात त्याच्याच जातीचं, त्याच्या मुळ्यांतून लाल निघतो आणि त्यावरून आलवण हे नाव पडलं. वऱ्हाडात पूर्वी त्याची शेती व्हायची.

*

माझ्या माहेरी वाकळ म्हणतात, इथे गोधडी. कामणला येऊन चाळीस वर्षं झाली तरी शब्द माझ्या तोंडी वाकळ हाच आहे. ह्यांचं काम मुंबईच्या गिरणीत, साचाखात्यात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं, गिरणीचा भोंगा काही आमच्यासाठी वाजला नाही. शेवटी हे भिवंडीला यंत्रमागावर लागले, आणि भाडं परवडेल अशी खोली इथे कामणला मिळाली. तेव्हा हा ठाणे जिल्हाच होता. मागे तुंगारेश्वरचा डोंगर, पुढे भातखाचरं, आणि रात्री मिट्ट काळोख. आता चिंचोटी-भिवंडी रस्त्याला दोन्ही बाजूंनी गोदामं आणि गाळे आहेत आणि ट्रकची धूळ इतकी की मी रंगवलेलं कापड पुढच्या अंगणात वाळत घालतच नाही.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मीही वसईला एका शिलाई कारखान्यात लागले. काम धागे कापायचं. शर्ट शिवून आला की त्याचे लोंबणारे दोरे कात्रीनं साफ करायचे, नगावर पैसे. टाका वाकडा दिसला की तपासणारा खडूची खूण करायचा आणि तो नग परत जायचा. सात वर्षं ते केलं. त्याच कारखान्यातल्या एका बाईनं पहिल्यांदा मला तीन जुनी लुगडी आणून दिली, गोधडी करून द्या म्हणाली. तिथून घरबसल्या शिवायला लागले ते अजून शिवतेय.

लोकांची जुनेरं हाताखालून जाता जाता मला एक गोष्ट फार आधी कळली. सुरुवातीला येणारी गाठोडी सुती असायची. नऊवारी, सहावारी, धोतरं, पंचे. मग टेरिकॉटचे शर्ट यायला लागले. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर गाठोडं सोडलं की हातातून घसरतंच, दहातली आठ कापडं कृत्रिम धाग्याची. ते कापड गोधडीत चालत नाही. थर एकमेकांवर बसत नाहीत, सुई सटकते, आणि अंगाखाली घाम येतो. सुताला घाम पिता येतो, त्याला येत नाही. मुलांना मी हे काडीनं दाखवते. कापडातून एक धागा ओढायचा, त्याला काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास, आणि मागे भुरभुरीत राख. कृत्रिम असेल तर आकसतो, वितळतो, आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. धाकटा ते मणी डबीत साठवतो.

सूनबाईच्या कपाटात जुनेर नावाची वस्तूच नाही. तिचा दोष नाही. सकाळी सहाची गाडी पकडणाऱ्या बाईला इस्त्री न लागणारं कापडच हवं. पण ते कापड जुनं होत नाही. रंग तसाच राहतो, काठ तसाच राहतो, आणि एक दिवस ते नकोसं होतं. सूत मात्र धुता धुता, नेसता नेसता उघडत जातं, मवाळ होतं, आणि मग गोधडीच्या कामाचं होतं. ते आलवण मऊ होतं कारण एका बाईनं जन्मभर तेच नेसलं होतं. असं कापड आता पैसे देऊनही मिळत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

*

म्हणून मग चार वर्षांपूर्वी मी भिवंडीहून कोरं कापड आणायला सुरुवात केली. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, पिवळट सुती. सात मीटर घेतलं की साधारण किलोभर भरतं. ते पांढरंच वापरायचं माझ्या मनात होतं. "आपण रंगवूया की," ही नातीची कल्पना.

कोऱ्या कापडावर पाणी टाकलं तर थेंब वर तसाच बसतो, आत जात नाही. पहिल्या वर्षी आम्ही ते तसंच हळदीच्या पाण्यात बुडवलं. सुरेख पिवळं दिसलं. मुलांनी उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी साबण लावला तर जिथे साबण तिथे कुंकवासारखे लाल डाग, आणि आठ दिवस उन्हात राहिल्यावर उरलं ते मळकं पांढरं. नात रडायला आली. मला ह्यांचं बोलणं आठवलं. मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात, ती काढल्याशिवाय कापड काहीच घेत नाही. आयुष्यभर ज्या माणसानं कापडात दिवस काढले त्याचं ऐकूनही मी विसरले होते. हे असते तर आधीच म्हणाले असते.

आता रीत बसली आहे. आधी धुण्याच्या सोड्यात कापड तासभर उकळायचं. पाणी चहासारखं होतं, ती खळ आणि सुताचा मेणटपणा. मग स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात, किलोभर कापडाला २०० ग्रॅम हिरड्याची पूड, रात्रभर. न धुता वाळवायचं. मग १५० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात. इथपर्यंत रंग नाहीच, ही नुसती तयारी. धाकट्याला ह्याचा फार राग येतो. थोरला मात्र ह्यात रमतो. त्याने मला समजावलं की रंग आणि सूत ह्यांची आपणहून दोस्ती होत नाही, तुरटीतला धातू मधे उभा राहून दोघांचे हात धरतो. हळदीचा रंग सुतावर आपणहून चढतो खरा, पण उन्हात टिकत नाही.

तुंगारेश्वरचा डोंगर २००३ पासून अभयारण्य आहे. तिथून साल, मुळी काही आणायचं नाही, हे मी मुलांना पहिल्या दिवशीच बजावलं. आमचं रंगाचं जंगल म्हणजे स्वयंपाकघर आणि बाजार. दसऱ्या-दिवाळीच्या तोरणांचा झेंडू मी वाळवून ठेवते. कांद्याची टरफलं वर्षभर गोणीत साठतात. वसई स्टेशनजवळचा एक ज्यूसवाला डाळिंबाच्या साली देतो. आणि पानवाल्याकडचा कात. खैराच्या गाभ्यातून काढलेला हा कात, तो काढणारे म्हणून कातकरी. आमच्या वसई तालुक्यात त्यांचे पाडे आहेत, पण नातवंडांना कात म्हणजे पानात असतो एवढंच ठाऊक होतं. कातात बुडवलेलं कापड वाळल्यावर जे तपकिरी येतं ते पहिल्या पावसानं भिजलेल्या मातीसारखं असतं. मला सगळ्या रंगांत तोच आवडतो.

खिळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. डाळिंबाच्या सालींत काढलेलं पिवळं कापड ओलं घडी करून ठेवलं होतं. सकाळी उघडलं तर मधोमध खिळ्याची काळीभोर सावली, डोक्यासकट, टोकासकट. शेजारी तोच खिळा, गंजलेला. धाकट्याच्या खिशातून पडला होता. मी ओरडणार होते, पण थोरला वाकून वाकून बघत राहिला. मग मला उमजलं. हिरडा, डाळिंबाची साल, ह्यांच्यात तुरट असतं, आणि तुरटाला लोखंड भेटलं की काळं होतं. हिरडा आणि हिराकस घालून जुन्या काळी शाई करायचे ती ह्याचमुळे. त्या दिवसापासून धाकट्याच्या रागावर औषध मिळालं. त्यानं सायकलचे वॉशर, नट, बिजागरीचा तुकडा, कुलपाची किल्ली गोळा केली, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली आणि ओल्या पिवळ्या कापडावर ओळीनं मांडून वर दुसरं कापड अंथरलं. रात्री दोनदा उठून बघायला गेला. सकाळी एक चौकोन निघाला त्यावर राखाडी कड्या, काळी किल्ली, आणि बिजागरीच्या पाच भोकांतून डोकावणारं पिवळं. तो चौकोन ह्या वर्षीच्या वाकळीच्या बरोबर मधे आहे.

थोरल्यानं त्याच दुपारी एक गोष्ट सांगितली, शाळेत वाचलेली. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत हिवतापाचं औषध करायला बसला, औषध झालंच नाही, पण जांभळा रंग हाती आला. कारखान्यातल्या रंगांची ती सुरुवात. पुढच्या बारा वर्षांत जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मुळांमधलं लालही डांबराच्या पदार्थांतून बनवलं, आणि जगभरची मुळांची शेती बसली. "म्हणजे आजी," तो म्हणाला, "ते आलवण तरी मुळाचं होतं की कारखान्याचं?" मी ह्याचा कधी विचारच केला नव्हता. माझ्या लहानपणापर्यंत बाजारात बाहेरचेच रंग आलेले होते. त्या आजींच्या अंगावर नाव तेवढं झाडाचं उरलं असणार. मुलं असं काही विचारतात आणि साठ वर्षं जे आपण डोक्यात जपलं ते हलतं.

नातीला तसंच लाल हवं होतं. आलाच्या मुळ्या म्हणजे तीन-चार वर्षांचं झाड उपटायचं, ते मी नाही म्हटलं. मग काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा आणली. मंद आचेवर ठेवायची असते, पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. मी भात उतरवायला आत गेले, आच मोठीच राहिली. आलेला रंग विटेचा, वर जरा तपकिरी झाक. वाईट नव्हता. पण नातीनं ते कापड चुलीशेजारी वाळत घातलं आणि आलवणाचा तुकडा त्याच्याशेजारी धरून बराच वेळ उभी राहिली. साठ वर्षं चार थरांच्या आत, उन्हाचा एक किरण न पाहिलेलं ते लाल, आणि हे. तिनं मला विचारलं, पुढच्या वर्षी पुन्हा करायचं ना? करायचं म्हटलं.

*

शिवायला ओसरी पुरत नाही, आतल्या खोलीत खाटा उभ्या कराव्या लागतात. खाली तळाचं कापड, मग पोट, मग वरचं. पोटात सुतीच हवं, म्हणून ह्या वर्षी जुन्या वाकळीतलंच जे धड होतं ते घेतलं. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दोन विटा. आधी लांब लांब कच्चे टाके, मग कडेनं धावदोरा धरायचा आणि आत आत येत मधे संपवायचं. मधून सुरू केलं तर कड ओढली जाते आणि वाकळीला झोळ पडतो. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात त्याही कडेकडूनच आत येतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते म्हणे. हे ऐकल्यापासून मीही फुलं लावते. नातीच्या हातून ती माझ्यापेक्षा टोकदार होतात.

आमची वाकळ साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. थोरल्यानं वहीत हिशेब मांडला. सगळी ओळ सरळ केली तर जवळजवळ १२० मीटर, आणि बोटाच्या अर्ध्या रुंदीला एक टाका धरला तर १२ हजार टाके. मी आयुष्यात कधी मोजले नव्हते. एवढं मोठं ऐकून मला जरा धास्तीच वाटली, जसं काही ते अजून घालायचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीचं एक मला सांगायचंय. नात तेव्हा आठ वर्षांची. तिनं एक अख्खी लांबीची ओळ घातली, तीन दिवस लागले. टाके कुठे तांदळाएवढे, कुठे काजूएवढे, ओळ नदीसारखी. ती वाकळ पैशांची होती, एका बाईंची. रात्री मुलं झोपल्यावर मी दिवा घेतला, तिची ओळ उसवली आणि पुन्हा सारखी घातली. कारखान्यातली ती खडूची खूण माझ्या डोळ्यांत होतीच. सकाळी ती उठली, वाकळीपाशी बसली आणि बोटानं मोजायला लागली. तिनं आपले टाके मोजून ठेवले होते. काही बोलली नाही. त्या सुट्टीत तिनं पुन्हा सुई हातात घेतली नाही, दोरा ओवून द्यायची तेवढी. मी तिची माफी मागितली, पण ओळ काही परत आली नाही.

तेव्हापासून नातवंडांसोबत शिवायची वाकळ घरचीच असते आणि त्यांच्या टाक्याला माझा हात लागत नाही. पैशांची कामं मी त्यांच्या येण्याआधी संपवते. ह्या वर्षी तिनं आपणहून सुई मागितली. मेणावरून दोरा ओढला, गाठ मारली, आणि कडेची दुसरी ओळ मला न विचारता धरली. टाके अजूनही लहानमोठे आहेत. अंधारात वाकळीवरून हात फिरवला तर कोणती ओळ कोणाची हे मला कळतं. थोरल्याचे टाके मोजल्यासारखे सारखे, तिचे घाईत लांब होणारे, आणि धाकट्याचे सहा, फक्त सहा, पण एकेक अंगठ्याएवढा.

आलवणाचं काय करायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. अर्धं विरून गेलं होतं. हातभर लांबीचा एक तुकडा धड निघाला. थोरला म्हणाला, आता वर लावूया, सगळ्यांना दिसू दे. मला ते पटलं. आईनं जे झाकून ठेवलं ते आता झाकायचं काही कारण नाही. नात नको म्हणाली. उन्हात उडून जाईल, म्हणाली. कोणाचंच मन दुखावू नये म्हणून मी निर्णय तिच्यावर सोडला असं नाही, मला तिचंच म्हणणं खरं वाटलं. तो तुकडा तिनं स्वतः पोटात अंथरला, हातानं सारखा केला, आणि वरून विटकरी मंजिष्ठेचा चौकोन ठेवला. तो चौकोन तिनं एकटीनं शिवला. मी स्वयंपाकघरात बसून राहिले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि शाळा उघडायच्या म्हणून मुलं नालासोपाऱ्याला परतली. वाकळ त्यांच्याबरोबर गेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. चार दिवसांनी रात्री दहाला धाकट्याचा फोन. पाठीमागे ताईचा आवाज, दे रे इकडे, म्हणून. त्याला लाल कुठे आहे ते हवं होतं, ताई सांगत नव्हती.

"पायाकडे, उजव्या कोपऱ्यातल्या फुलाच्या वर एक वीत," मी सांगितलं. "हात लावून बघ, तिथे जरा जाड लागेल."

थोडा वेळ फोनवर नुसती सळसळ ऐकू आली.

"लागलं," तो म्हणाला.